लिनक्सच्या मजकुरी कन्सोलमध्ये माऊस का चालत नाही?

ग्राफिकल पडद्यावर नीट चालणारा माऊस कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून उघडलेल्या कन्सोलमध्ये हलत नाही, याचे कारण बहुधा माऊसमध्ये नसते. तेथे पॉइंटर दाखवण्याचे आणि मजकूर निवडण्याचे काम जीपीएम नावाची स्वतंत्र सेवा करते, व ती लिनक्सच्या अनेक वितरणांत (तयार आवृत्त्यांत) आपोआप बसवलेली नसते. ती बसवून सुरू केल्यावरही पॉइंटर दिसला नाही, तर प्रथम रूट (सर्वोच्च) अधिकाराने ‘कॅट’ (cat) ही फाइलीतला मजकूर दाखवणारी आज्ञा डेव्ह-इनपुटमधील ‘माइस’ (/dev/input/mice) या फाइलवर चालवून माऊस हलवावा. पडद्यावर निरर्थक अक्षरे उमटली, तर कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) माऊस सापडला आहे आणि दोष जीपीएमच्या मांडणीत (सेटिंगमध्ये) आहे; जुन्या मांडणीत माऊसच्या जागी सिरियल पोर्ट किंवा ‘पीएस-ऑक्स’ (psaux, जुन्या पीएस/२ माऊसची फाइल) लिहिलेले आढळते. त्याऐवजी हीच ‘माइस’ फाइल आणि ‘आयएमपीएस२’ (imps2) हा माऊसच्या संकेतांचा प्रकार द्यावा व सेवा पुन्हा सुरू करावी. पॉइंटर सैरावैरा उड्या मारत असेल, तर बहुतेक वेळा प्रकारच चुकलेला असतो. अक्षरे मुळीच उमटली नाहीत, तर जीपीएमशी झटापट व्यर्थ आहे. केबल, पोर्ट आणि कर्नलच्या नोंदी पाहाव्यात. एसएसएचने (नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्रात आज्ञा देण्याच्या पद्धतीने) जोडलेल्या दूरच्या यंत्रावर मात्र जीपीएमचा उपयोग नाही, कारण तेथे माऊसच्या खुणा तुमचा टर्मिनल-प्रोग्राम पाठवतो.