वजन जास्त आहे, शुगर आणि बीपीच्या गोळ्यांनी दमा होतो का?

शुगरच्या मेटफॉर्मिन गोळीने दमा होत नाही. बीपीच्या गोळीचं मात्र नाव बघा. प्रोप्रॅनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून दमेकऱ्याला टाळतात. (काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंबही त्यातलेच, आणि आपल्याला दमा आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं.) रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्याच गोळ्यांनी काहींना कोरडा ठसका लागतो. मेडिकलच्या काउंटरवर रोज बघतो, लोक दमा समजून खोकल्याच्या बाटल्या नेतात. डॉक्टरांनी टेल्मिसार्टनसारखी गोळी बदलून दिली की बहुतेकांचा ठसका काही आठवड्यांत जातो. आणि वाढलेलं वजन स्वतःच दम्याचा धोका वाढवतं, तेव्हा सगळं खापर गोळीवर नको. फक्त बीटा ब्लॉकर चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नका, हृदयाला झटका बसू शकतो.