इंग्रजी शंका-समाधान : ‘फाइव्ह-इयर-ओल्ड’मधले ‘इयर’ एकवचनी का?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ हे वाक्य मुलांना सहज समजते. पण त्याच मुलाला ‘अ फाइव्ह-इयर-ओल्ड बॉय’ म्हणायचे असे सांगितले की, वर्षे पाच असताना ‘इयर’ला ‘एस’ का नाही, अशी शंका वर्गातून हमखास येते. ‘नियमच तसा आहे’ या उत्तराने मुलांचे समाधान होत नाही. त्यांना नीट कसे समजावून सांगावे? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : मुलांची शंका अगदी रास्त आहे आणि तिचे मूळ त्यांच्या मातृभाषेत आहे. आपण ‘पाच वर्षांचा मुलगा’ लिहितो तेव्हा ‘वर्षां’वरचा अनुस्वार अनेकवचन दाखवतो, आणि तो गाळला तर शुद्धलेखनाची चूक धरली जाते. शिवाय मराठीतले आकारान्त विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते : मोठा मुलगा, मोठी मुलगी, मोठे मुलगे. विशेषणाला वचन असते, हे मराठी मुलाच्या कानात इतके मुरलेले असते की त्याला ते कोणी शिकवावे लागत नाही. इंग्रजीत मात्र ‘बिग बॉय’ आणि ‘बिग बॉइज’ या दोन्हींतले ‘बिग’ तसूभरही बदलत नाही. इंग्रजी विशेषणाला वचन नसते, हे आधी पक्के करून घेतले की पुढचे सारे सोपे होते.

‘फाइव्ह’, ‘इयर’ आणि ‘ओल्ड’ हे शब्द ‘बॉय’च्या आधी येतात तेव्हा ते तीन सुटे शब्द राहत नाहीत, तिन्ही मिळून एकच विशेषण होते, आणि संयोगचिन्ह, म्हणजे हायफन, तेवढेच सांगण्यासाठी असते. ‘इयर’ हे एरवी नाम असले तरी येथे ते विशेषणाचा एक घटक आहे आणि विशेषणात ‘एस’ला जागा नाही. याउलट ‘द बॉय इज फाइव्ह इयर्स ओल्ड’ या वाक्यात ‘इयर्स’ हे स्वतंत्र नाम आहे, ‘फाइव्ह’ने ते मोजले आहे, म्हणून ते अनेकवचनी आहे आणि तेथे संयोगचिन्हाचीही गरज नाही. मराठी व्याकरणात नामापूर्वी येणाऱ्या विशेषणाला अधिविशेषण आणि नामानंतर येणाऱ्या विशेषणाला विधिविशेषण म्हणतात. मराठीच्या तासाला मुले हा भेद शिकतात. इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण करून दिली तर निम्मे काम होते.

उदाहरणे मुलांच्या आवडीच्या विषयातली घ्यावीत, आणि त्यासाठी क्रिकेटइतका सोयीचा विषय नाही. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर भारताने श्रीलंकेला सहा गडी राखून हरवले आणि विश्वचषक जिंकला. हेच इंग्रजीत दोन तऱ्हांनी सांगता येते : ‘इंडिया वन बाय सिक्स विकेट्स’ आणि ‘इट वॉज अ सिक्स-विकेट विन’. पहिल्यात ‘विकेट्स’, दुसऱ्यात ‘विकेट’. सामना पन्नास षटकांचा, म्हणून ‘अ फिफ्टी-ओव्हर मॅच’. भागीदारी शंभर धावांची, तर ‘अ हंड्रेड-रन पार्टनरशिप’. मुलांनी समालोचनात ही रूपे शेकडो वेळा ऐकलेली असतात. ती फळ्यावर जोडीजोडीने लिहून, ‘एस’ कोठे आहे आणि कोठे नाही हे त्यांनाच शोधायला सांगावे. स्वतः शोधलेला नियम घोकावा लागत नाही.

मराठीतही अशी रचना अगदी नाही असे नाही. दोन मजल्यांच्या घराला आपण ‘दुमजली’ म्हणतो, सहा पदरांच्या रस्त्याला ‘सहापदरी’ म्हणतो. या शब्दांत ‘मजले’ किंवा ‘पदरां’ असे रूप येत नाही. संख्या आणि नाम यांचा समास होऊन अनेकवचनाची खूण गळून पडते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ‘सहापदरी’, तर इंग्रजीत ‘अ सिक्स-लेन एक्स्प्रेसवे’. ‘सिक्स-लेन्स’ म्हणण्याचा मोह झालाच, तर मुलांनी ‘सहापदरी’ आठवावे.

याच्या मागे एक इतिहासही आहे. जुन्या इंग्रजीत नामांना विभक्तिप्रत्यय लागत असत. ‘फूट’ या शब्दाचे षष्ठीचे अनेकवचन ‘फोता’ असे होते, म्हणजे अर्थाने थेट आपले ‘फुटांचा’. पुढे अशा शब्दांच्या शेवटचे स्वर झिजत गेले आणि जे रूप उरले ते एकवचनी ‘फूट’सारखेच दिसू लागले. ‘अ सिक्स-फूट मॅन’ हा प्रयोग या जुन्या षष्ठीतून आला, असे भाषेचे इतिहासकार मानतात. तेव्हा ‘सहा फुटांचा माणूस’ ही मराठी माणसाची विचाराची पद्धत इंग्रजीला परकी नव्हती. प्रत्यय झिजला आणि अनेकवचन डोळ्यांआड झाले, एवढेच. मोठ्या वर्गातल्या मुलांना हे जरूर सांगावे. व्याकरणाचा नियम कोणीतरी मनाला येईल तसा लादलेला नसतो, हे त्यांना यातून कळते.

एक पुरवणी. हा शब्दगट स्वतःच नाम म्हणून वापरला की त्याला अनेकवचन होते, पण ‘एस’ अगदी शेवटी लागतो : ‘अ क्लास फॉर सिक्स-इयर-ओल्ड्स’. तेथेही ‘इयर’ एकवचनीच राहते.

प्रश्न : मी एका सहकारी पतसंस्थेत काम करतो. इंग्रजी पत्रव्यवहारात हे संयोगचिन्ह द्यावे की नाही, यावर आमच्या कार्यालयात एकमत होत नाही. ‘फाइव्ह इयर प्लॅन’ तर सरकारी कागदपत्रांतही संयोगचिन्हाविना छापलेले आढळते. मग ते न देणे ही चूक मानावी का? (पतसंस्था कर्मचारी, कोल्हापूर)

उत्तर : येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. ‘फाइव्ह इयर्स प्लॅन’ लिहिणे ही निखालस व्याकरणाची चूक आहे. संयोगचिन्ह गाळणे ही मात्र काही ठिकाणी चूक, काही ठिकाणी ढिलाई आणि काही ठिकाणी रूढ शैली आहे. १९५१ ते १९५६ या काळातल्या पहिल्या पंचवार्षिक योजनेपासून योजनेचे नाव विशेषनामासारखे रुळले आणि विशेषनामात संयोगचिन्ह गाळण्याची प्रथा इंग्रजीत आहे; ‘वन डे इंटरनॅशनल’ हे त्याचे दुसरे उदाहरण. परंतु त्या नावातही ‘इयर’ एकवचनीच आहे, हे लक्षात घ्यावे.

आपल्या व्यवसायात मात्र संयोगचिन्हाच्या बाबतीत ढिलाई नको, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण तेथे प्रश्न पैशांचा असतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१७मध्ये दोनशे रुपयांची नोट चलनात आणली. तेव्हापासून ‘टू हंड्रेड रुपी नोट्स’ हे संयोगचिन्हाविना लिहिलेले शब्द दोन अर्थांचे झाले आहेत. ‘टू हंड्रेड-रुपी नोट्स’ म्हणजे शंभराच्या दोन नोटा, एकूण रुपये २००. ‘टू-हंड्रेड-रुपी नोट्स’ म्हणजे दोनशेच्या नोटा. त्या किती, हे या शब्दांत सांगितलेलेच नाही. दोनशेच्या दोन नोटा असतील तर ‘टू टू-हंड्रेड-रुपी नोट्स’ लिहावे लागेल आणि रक्कम होईल रुपये ४००. एका आडव्या रेघेने प्रत्येक नोटेचे मूल्य दुप्पट होते. भरणा-पावतीवर किंवा रोकड मोजणीच्या तक्त्यात असा घोळ होऊ नये म्हणून नोटेचे मूल्य अंकांत आणि नोटांची संख्या अक्षरांत लिहावी : ‘टू १००-रुपी नोट्स’. कामाच्या पाळ्यांबाबतही हीच काळजी घ्यावी. ‘ट्वेंटी-फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चोवीस तासांच्या पाळ्या, आणि ‘ट्वेंटी फोर-अवर शिफ्ट्स’ म्हणजे चार-चार तासांच्या वीस पाळ्या.

दोन मुदतींच्या ठेवींचा एकत्र उल्लेख करताना ‘टू- अँड थ्री-इयर डिपॉझिट्स’ असे लिहितात. येथे ‘टू’नंतरचे संयोगचिन्ह मोकळे सोडलेले दिसते, ते मुद्रणदोष नसून पुढे येणाऱ्या ‘इयर’शी नाते सांगणारे आहे, तेव्हा ते खोडू नये. टक्केवारीत मात्र संयोगचिन्ह देत नाहीत : ‘अ नाइन पर सेंट रेट’. तसेच किलोग्रॅमसारखे एकक पूर्ण शब्दात लिहिले तर ‘अ टेन-किलोग्रॅम बॅग’ असे संयोगचिन्ह द्यावे, पण एककाचे केवळ चिन्ह लिहिले तर अंक आणि चिन्ह यांच्यामध्ये फक्त मोकळी जागा सोडावी. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीच्या अधिकृत पुस्तिकेत हे स्पष्टपणे नोंदवलेले आहे.

प्रश्न : दहा दिवसांच्या रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिताना ‘टेन डेज लीव्ह’ म्हणावे की ‘टेन-डे लीव्ह’? दोन्ही वाचनात येतात. (शासकीय कर्मचारी, नागपूर)

उत्तर : अर्जात ‘टेन डेज लीव्ह’ लिहावे, मात्र ‘डेज’च्या ‘एस’नंतर अपॉस्ट्रॉफी हवी. ही षष्ठी आहे, ‘दहा दिवसांची रजा’. अनेक अर्जांत ती अपॉस्ट्रॉफी गाळलेली असते आणि तेवढ्यासाठी कोणाचा अर्ज नामंजूर होत नाही, हे खरे. पण लिहायचेच तर नीट लिहावे.

निवड करण्याची एक कसोटी सांगतो. पुढचे नाम मोजता येण्याजोगे असेल, तर संयोगचिन्ह आणि एकवचन वापरावे आणि आधी ‘अ’ हे उपपद द्यावे : ‘अ टू-डे कॉन्फरन्स’, ‘अ थ्री-अवर पेपर’. नाम न मोजता येणारे असेल, तर उपपद न देता अपॉस्ट्रॉफी वापरावी. अनुभव, नोटीस, विश्रांती आणि रजा यांसाठी इंग्रजीत वापरले जाणारे शब्द बहुधा या दुसऱ्या गटात मोडतात. म्हणून ‘फाइव्ह इयर्स एक्स्पीरियन्स’ आणि ‘थ्री मंथ्स नोटीस’, दोन्हींत ‘एस’नंतर अपॉस्ट्रॉफी. नोकरीच्या अर्जात ‘अ फाइव्ह-इयर एक्स्पीरियन्स’ लिहिलेले खटकते ते याच कारणाने. पण ‘नोटीस’च्या पुढे ‘पीरियड’ आला की तो मोजता येतो आणि लगेच ‘अ थ्री-मंथ नोटीस पीरियड’ असा पालट होतो. काही नामे दोन्हीकडे चालतात : दहा मिनिटांचे चालणे ‘अ टेन-मिनिट वॉक’ही होते आणि अपॉस्ट्रॉफीसह ‘टेन मिनिट्स वॉक’ही होते.

प्रश्न : शाळेच्या क्रीडामहोत्सवाची इंग्रजी पत्रिका तयार करताना ‘हंड्रेड-मीटर रेस’ आणि ‘थ्री-लेगेड रेस’ असे शेजारी शेजारी आले. एकात नुसते नाम आणि दुसऱ्यात ‘लेगेड’, असे का? (क्रीडाशिक्षक, रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही रूपे बरोबर आहेत. शंभर मीटर हे शर्यतीचे माप आहे. तीन पाय हे धावणाऱ्या जोडीचे अवयव आहेत. माप सांगताना नाम तसेच राहते. एखादा अवयव किंवा भाग अंगी असल्याचे सांगताना नामाला बहुधा ‘ईडी’ हा प्रत्यय लागतो. रावण ‘टेन-हेडेड’, ‘टेन-हेड’ नव्हे. ‘अ सिक्स-फूट मॅन’ म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस. ‘अ सिक्स-फूटेड क्रीचर’ म्हणजे सहा पायांचा जीव.

पत्रिकेसाठी आणखी एक सूचना. अॅथलेटिक्समध्ये स्पर्धाप्रकाराचे अधिकृत नाव ‘१०० मीटर्स’, ‘११० मीटर्स हर्डल्स’ असे अनेकवचनी असते. ते प्रकाराचे नाव आहे, विशेषण नव्हे. पत्रिकेत मथळा म्हणून ‘१०० मीटर्स’ चालेल, पण पुढे ‘रेस’ लिहिलेत तर ‘मीटर’ एकवचनी करावे.

प्रश्न : एकवचनाचा नियम पक्का असेल, तर राज्यघटना दुरुस्तीच्या संदर्भात ‘टू-थर्ड्स मेजॉरिटी’ असे अनेकवचन कसे चालते? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, पुणे)

उत्तर : ‘टू-थर्ड्स’ हा अपूर्णांक आहे आणि अपूर्णांकाचे नाव एकसंध मानले जाते. येथे ‘टू’ ही संख्या ‘थर्ड’ नावाची एखादी वस्तू मोजत नाही. ‘टू-थर्ड्स’ मिळून एकच संख्या सांगितली जाते, ती म्हणजे दोन तृतीयांश. घटनेच्या ३६८व्या अनुच्छेदातही उपस्थित राहून मतदान करणाऱ्या सदस्यांच्या ‘टू-थर्ड्स’हून कमी नसलेल्या बहुमताची अट आहे. म्हणून ‘अ टू-थर्ड्स मेजॉरिटी’ हेच रूप शुद्ध आहे आणि परीक्षेत ‘टू-थर्ड मेजॉरिटी’ लिहू नये. ब्रिटिश नाण्यांच्या बाबतीतही ‘अ फिफ्टी-पेन्स पीस’ असे अनेकवचन टिकले आहे.

प्रश्न : ‘एट-अवर शिफ्ट’च्या आधी ‘अ’ की ‘अॅन’? आणि साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी काय लिहावे? (एक पालक, नाशिक)

उत्तर : उपपद लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या उच्चारावरून ठरते, आणि येथे पुढे येणारा शब्द संख्येचा आहे. ‘एट’ स्वराने सुरू होतो, म्हणून ‘अॅन एट-अवर शिफ्ट’, तसेच ‘अॅन एटीन-मंथ कोर्स’. ‘वन’चे स्पेलिंग ‘ओ’ने सुरू होत असले तरी उच्चार ‘व’चा आहे, म्हणून ‘अ वन-डे मॅच’. साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी ‘अ थ्री-अँड-अ-हाफ-इयर-ओल्ड गर्ल’ हे रूप शुद्ध आहे. त्यात प्रत्येक शब्दानंतर संयोगचिन्ह हवे, फक्त ‘गर्ल’च्या आधी नको. शाळाप्रवेशाच्या अर्जात मात्र मी ‘शी इज थ्री अँड अ हाफ इयर्स ओल्ड’ असे सरळ वाक्य लिहिण्याचा सल्ला देईन.