वाचकांचे सवाल: निवेदक हवाच कशाला?

प्रश्न : मुलामुळे मीही बीटबॉक्सच्या, म्हणजे तोंडानेच ताल वाजवण्याच्या, लढती बघू लागलो. पण मधे मधे ओरडणारा निवेदक कशाला? पोरांना वाजवू द्या की! – एक वाचक, सातारा

उत्तर : काका, निम्मं पटलं. ऐन रंगात आलेल्या बीटवर ओरडणारा निवेदक मलाही डोक्यात जातो. पण ग्रँड बीटबॉक्स बॅटल या स्पर्धेतला निवेदक स्कॉट जॅक्सन बघा. कॅनडाचा हा गडी स्वतः बीटबॉक्सर. त्यामुळे कुठे गप्प बसायचं, हे त्याला कळतं. दीड-दोन मिनिटं ओठ, जीभ, घसा एकदम राबवल्यावर पोराला धाप लागते. तेवढ्यात गर्दी पेटती ठेवायची, परीक्षकांना विचार करू द्यायचा, हे निवेदकाचं काम. निकालाला दोघांच्या मधे उभं राहून आकडे उलटे मोजतो ना, तेव्हा माझ्याही पोटात गोळा येतो. ‘सेव्हन टू स्मोक’ या लढतीच्या प्रकारात तर त्याच्यावाचून पान हलत नाही: आठ जण, जिंकणारा टिकतो, हरणारा रांगेच्या शेवटी, पुढचा लगेच हजर. रांग तोच हाकतो.

मुलाला सांगा, 2015 ची बर्लिनची जागतिक स्पर्धा लाव. फ्रान्सचा अ‍ॅलेम तिथे जिंकला होता. त्याचा वेग ऐकताना निवेदक आठवणारही नाही तुम्हाला.