बुवांचं नाव पद्मश्रीसाठी कसं द्यावं?

प्रश्न : आमच्या कुडाळ तालुक्यातल्या गावात एक बुवा आहेत, वय 78. दशावतारी नाटकांत त्यांनी आयुष्यभर मृदंग वाजवला. पद्मश्रीसाठी त्यांचं नाव द्यायचं मंडळात ठरलं. काहीजण म्हणतात, आमदारांच्या पत्राशिवाय कागद हलणार नाही. बुवा स्वतः म्हणतात, 'माका कित्याक होया?' (मला कशाला हवं?)

उत्तर : आमदारांचं पत्र लागत नाही. पद्म पुरस्कारासाठी कुणीही नागरिक नाव सुचवू शकतो, अगदी स्वतःचंही. अर्ज राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. मुदत मात्र लवकर संपते; 2026च्या पुरस्कारांसाठी ती सुरुवातीला 31 जुलै 2025 अशी जाहीर झाली होती. तुमच्याच तालुक्यातल्या पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना चित्रकथीसाठी, म्हणजे चित्रं दाखवत कथा सांगण्याच्या लोककलेसाठी, 2021मध्ये पद्मश्री मिळाली, हे मंडळातल्या शंकेखोरांना जरूर सांगा.

कस लागतो तो अर्जातल्या वर्णनाचा. त्याला जास्तीत जास्त 800 शब्द. वाचक मला असे मसुदे पाठवतात आणि त्यांत 'थोर कलावंत', 'निःस्वार्थ सेवा' यांपलीकडे माणूसच सापडत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. पुरस्कार वर्षाला साधारण 120 आणि नावं मात्र देशभरातून येतात. दिल्लीत वाचणाऱ्याने दशावतार पाहिलेला असेलच असं नाही. त्याला सांगा, की या नाटकाला लिहिलेली संहिता नसते, नट उभ्या उभ्या संवाद रचतो आणि मृदंगवाल्याला त्याचा रोख ओळखून हात टाकावा लागतो, रात्रभर. मग बुवा कोणत्या दशावतारी नाटक कंपन्यांत, कोणत्या साली होते, त्यांच्या हाताखाली कोण शिकले, ते आज कुठे वाजवतात, हे लिहा. जुन्या नटांना भेटा, जत्रांची पत्रकं शोधा, बुवांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा.

बुवांचा नकार मात्र हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या माघारी अर्ज भरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शेजारी बसून अर्ज वाचून दाखवा, काय खरं, काय वाढवलेलं, ते त्यांनाच ठरवू द्या. तरीही नको म्हणाले तर तिथेच थांबा.

आणखी एक. पद्मश्रीबरोबर रोख रक्कम मिळत नाही. राज्य सरकार ज्येष्ठ कलावंतांना दरमहा मानधन देतं, ते बुवांना चालू आहे का? नसेल तर पंचायत समितीत चौकशी करून तो अर्ज आधी करा.