दप्तरातली पट्टी

चि. छोट्या मैत्रिणीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खेळाचा शास्त्रीय अभ्यास करायचा आहे, पण शाळेत तसा विषयच नाही, मग दहावी होईपर्यंत थांबू का, असं विचारलंयस. थांबू नकोस. आधी दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी काढ.

मैत्रिणीला ती उभी धरायला सांग, शून्य खाली. तुझा अंगठा आणि तर्जनी शून्यापाशी उघडी ठेव. तिने न सांगता पट्टी सोडायची, तू चिमटीत पकडायची. २० सेंटिमीटरवर सापडली, तर तुला प्रतिसाद द्यायला ०.२ सेकंद लागले. हे मुक्त पतनाचं साधं गणित आहे, करून बघ. दहा वेळा पकड आणि दहाही आकडे एका वहीत लिही. पहिला वाईट आला म्हणून खोडायचा नाही. ॲथलेटिक्समध्ये बंदुकीच्या आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेल्या धावपटूला फॉल्स स्टार्ट का देतात, हे मग समजावून सांगावं लागणार नाही.

आता तीच पट्टी जमिनीवर आडवी ठेव. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला आणि त्याला रौप्य मिळालं. सुवर्ण ८ मिनिटं ११.१५ ला गेलं. त्याच्या सरासरी वेगाने ०.०५ सेकंदाचं अंतर काढ. साधारण ३० सेंटिमीटर येतं. तीन किलोमीटर, अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या, आणि फरक तुझ्या पट्टीएवढा. मी हे पहिल्यांदा काढलं तेव्हा बराच वेळ पट्टीकडे बघत बसले होते.

आकड्यांवर माझा फार जीव आहे, म्हणूनच त्यांच्यापायी झालेली माझी चूक तुला सांगते. जिल्हा स्पर्धेसाठी १०० मीटरची निवड होती. दोन मुली चांगल्या होत्या. एक सकाळी धावली, तेव्हा स्टॉपवॉच माझ्या हातात होतं. दुसरी दुपारी धावली, तेव्हा ते एका सहकाऱ्याच्या हातात होतं. दुसरीला दोन दशांश सेकंद जास्त लागले, म्हणून मी तिला वगळलं. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडायची तर १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवतात, हे मला पुढे कळलं, कारण बंदूक वाजल्यावर वेळ घेणाऱ्याचं बोटही उशिरा दाबतं. म्हणजे मी ज्या दोन दशांशांवर निवड केली, ते कदाचित आमच्या दोघांच्या अंगठ्यांतले होते. ती मुलगी पुढच्या वर्षी मैदानावर आली नाही. तेव्हापासून मी दोन घड्याळांशिवाय वेळ घेत नाही.

आकडा बरोबर असला तरी तो सगळं सांगत नाही. खाशाबा जाधव १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये कुस्तीत सहावे आले. ते मातीत घडलेले पैलवान होते आणि मॅटवर पहिल्यांदाच लढत होते. मातीत पाय कसा रोवला जातो आणि मॅटवर कसा फिरतो, हे गावच्या तालमीत जाऊन विचार, जमलं तर स्वतः उभी राहून बघ. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच खाशाबांनी कांस्य जिंकलं. नुसत्या यादीत वाचलं तर ‘सहावा’ म्हणजे अपयश वाटतं.

तुझ्या वहीतलं सगळ्यात मोलाचं पान मात्र पट्टीने मोजता येणार नाही. पाचवीत तुझ्याबरोबर खो-खो खेळणाऱ्या मुलींची नावं लिही. आज त्यातल्या किती खेळतात? ज्या थांबल्या त्यांच्याकडे जा आणि कारण त्यांच्याच शब्दांत लिहून घे. शेवटची एसटी, पाळी, धाकटा भाऊ सांभाळणं, शॉर्ट्सवर घरचा आक्षेप, काहीही असेल. ‘आवड नव्हती’ असं उत्तर आलं तर आणखी एकदा, हळू विचार. साताऱ्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचा खेळही खो-खोनेच सुरू झाला, आणि २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत ती दहावी आली. तुझ्या यादीतली कोणती मुलगी किती पळाली असती, हे आता मोजता येत नाही, आणि हे मला फार लागतं.

ही कारणं कुणाची आहेत ते वहीत नावाने लिहू नकोस, खुणेने लिही. त्यांनी ती फक्त तुला सांगितलेली असतील.

पहिल्या आठवड्याची पानं झाली की फोटो पाठव. खाडाखोड तशीच राहू दे, मला तीही वाचायची आहे.

तुझी,
बाई