विंडोज 11चं अपग्रेड रीस्टार्टनंतर परत 10वर येतं, कोड 20017. फॉरमॅट करावाच लागेल का?

नाही, एवढ्यात नको. टीपीएम (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी), प्रोसेसर सगळं चालणारं आहे, सी ड्राइव्हवर 60 जीबी मोकळे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मग जागेचा आणि पात्रतेचा प्रश्न मिटला.

स्क्रीनवर दोन कोड येतात आणि सगळे पहिलाच शोधत बसतात. पहिला, सी1900101वाला, एवढंच सांगतो की अपग्रेड मागे फिरवलं आणि बहुधा ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, आडवा आला. खरी माहिती दुसऱ्यात असते. त्यातला पहिला आकडा म्हणजे टप्पा: 1 असेल तर जुनं विंडोज चालू असतानाच अडलं, 2 म्हणजे 'सेफ ओएस', 3 नव्या विंडोजचं पहिलं बूट (सुरू होणं), 4 दुसरं. शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या क्षणी चाललेलं काम. 17 म्हणजे बूट. तुमचं गाडं सेफ ओएस बूट होतानाच अडलंय.

नव्या फायली बसवण्यासाठी काही वेळ मशीनचा ताबा घेणारं छोटं, रिकव्हरीसारखं विंडोज म्हणजे सेफ ओएस. तिथे तुमची अ‍ॅप्स, प्रोफाइल, स्टार्टअप काहीच चालू नसतं. त्यामुळे टेम्प फायली उडवणं, एसएफसी स्कॅन (विंडोजच्या फायलींची तपासणी) वगैरे नेहमीच्या उपायांचा इथे फारसा उपयोग नाही. मुख्य संशयित तीन: डिस्क कंट्रोलरसारखे ड्रायव्हर, बाहेरचा अँटिव्हायरस आणि मायक्रोसॉफ्टचं नसलेलं डिस्क एन्क्रिप्शन. लॅपटॉप ऑफिसचा असेल तर तिसरं आधी बघा, पण आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय काढू नका.

आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं स्वतःचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर सस्पेंड करा आणि रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा.

मग सी ड्राइव्ह, विंडोज, लॉग्ज, सेटअपडायग या फोल्डरात जा. सेटअपडायग हे अपग्रेड का फसलं ते शोधणारं मायक्रोसॉफ्टचं टूल. तिथली एक्सएमएल फाइल नोटपॅडमध्ये उघडा. अनेकदा दोषी ड्रायव्हरचं नाव तिथेच मिळतं. नावाऐवजी 'ओईएम 42' असं काही दिसलं तर अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल या कमांडला ईनम-ड्रायव्हर्स हा पर्याय देऊन (pnputil /enum-drivers) यादी काढा. त्या नंबरसमोर मूळ नाव आणि कंपनी लिहिलेली असते. कधीच फेकून दिलेल्या प्रिंटरचा किंवा जुन्या व्हीपीएनचा ड्रायव्हर निघाला तर बिनधास्त काढा.

नाव मिळालं नाही तर बायॉस (मशीन सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर), चिपसेट आणि स्टोरेज ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकूनच घ्या. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. अँटिव्हायरस नुसता बंद करून भागत नाही, कारण त्याचा फिल्टर ड्रायव्हर जागेवरच राहतो. अनइन्स्टॉल करा, त्याच कंपनीचं रिमूव्हल टूल चालवा, रीस्टार्ट करा. तोवर डिफेंडर आपोआप काम सांभाळतो. बायॉसमध्ये डिस्कचा मोड आरएआयडीवरून एएचसीआय करा, असंही कुणीतरी सुचवेल. पूर्वतयारीशिवाय ते बदललं तर आहे ते विंडोजही उघडणार नाही.

आता चार्जर आणि माउस सोडून सगळं काढा: पेनड्राइव्ह, डॉक, एसडी कार्ड, जोडलेली दुसरी हार्ड डिस्कसुद्धा. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 11चा आयएसओ (पूर्ण इन्स्टॉलेशनची एकच फाइल) उतरवा, डबल क्लिक करून उघडा आणि आतलं सेटअप चालवा. पहिल्याच पानावर अपडेट डाउनलोडची पद्धत बदलायची लिंक असते. तिथे 'नॉट राइट नाऊ' निवडा आणि नेट बंद करा. फायली आणि अ‍ॅप्स ठेवायचा पर्याय फिका दिसला तर तिथेच थांबा. बहुधा आयएसओची भाषा जुळत नसते: मूळ इन्स्टॉलेशन इंग्लिश यूएसचं आणि आयएसओ इंग्लिश इंटरनॅशनलचा, किंवा उलट.

'अनडूइंग चेंजेस' पुन्हा आलंच तर पॉवर बटण दाबून मध्येच बंद करू नका, पूर्ण मागे येऊ द्या. या वेळी दुसरा कोड 3 किंवा 4ने सुरू झाला तर सेफ ओएसचा अडथळा पार झालाय. 30018 किंवा 40017 असेल तर पुन्हा ड्रायव्हरच, मात्र आता ग्राफिक्सचाही तपासा. 4000डी आला तर युजर प्रोफाइल हलवताना अडलंय, त्याचा उपाय वेगळा आहे. नवा कोड आणि सेटअपडायगच्या फाइलमधला मजकूर कमेंटमध्ये टाका.