दुष्काळ आणि खार दोन्ही सोसणारं सोयाबीन अजून का येत नाही?

शहाद्याकडच्या भाऊंचा प्रश्न आहे की तापीकाठचं वावर खारं होत चाललंय, पाऊसही नेमका शेंगा भरताना दडी मारतो, मग दोन्ही सोसेल असं एकच वाण का काढत नाहीत. धुळ्याला कृषीला असताना प्लांट ब्रीडिंग हाच माझा विषय होता, म्हणून लिहितो.

खाराचं काम त्यातल्या त्यात सोपं आहे. सोयाबीनच्या तिसऱ्या क्रोमोसोमवर एक मोठा जीन आहे, 2014 मध्ये सापडला, नाव जीएमसॉल्ट3. तो असला की मीठ पानापर्यंत फारसं चढत नाही, आणि ज्या वाणात तो मोडका आहे त्याची पानं खाऱ्या जमिनीत कडेने करपत जातात. अमेरिकेचं ली 68 हे जुनं वाण खार सोसतं. तेव्हा आपल्या वाणाला असा क्रॉस द्यायचा, दर पिढीत पानाचा तुकडा लॅबला देऊन जीन उतरलाय का बघायचं, आणि परत आपल्याच वाणाशी क्रॉस करत जायचं. वर्षं जातात, कारण फूल एवढंसं असतं, उमलायच्या आधीच आतल्या आत परागीकरण उरकून घेतं, म्हणून कळी असतानाच चिमट्याने हात घालावा लागतो आणि तरी निम्म्याहून जास्त फुलं गळून जातात.

घोडं अडतं दुष्काळापाशी. आधी दुष्काळ कोणता ते सांगा, पेरणीनंतरचा पावसाचा खंड का शेंगा भरतानाचा शेवटचा? जपानकडचं पीआय 416937 नावाचं एक सोयाबीन आहे, ते उशिरा सुकतं, म्हणजे हवा तापून कोरडी झाली की पानांतून पाणी उडणं आवरतं घेतं आणि जमिनीतली ओल मागे ठेवतं, पण पाऊस चांगला झाला की हाच कंजूषपणा उत्पादनाच्या मुळावर येऊ शकतो. त्यात मुळावरच्या गाठी, त्या तर पान मलूल व्हायच्या आधीच हवेतला नत्र धरणं कमी करतात. एका जीनने हे सगळं कसं सुटणार? अर्जेंटिनाने दुष्काळासाठी सूर्यफुलाचा जीन घातलेल्या एचबी4 सोयाबीनला 2015 मध्ये मंजुरी दिली, पण आपल्याकडे असं जीएम, म्हणजे बाहेरचा जीन घातलेलं, सोयाबीन पेरायला परवानगीच नाही, तो विषय तिथेच संपला.

आता तुमच्या वावराचं. आपल्याकडे लोक खारवट आणि चोपण सरसकट एकच धरतात आणि मला याचाच राग येतो. ईसी (मातीत विरघळलेल्या क्षारांचं माप) 4 च्या वर असेल तर खारवट, सामू (पीएच) साडेआठच्या वर आणि ईएसपी (मातीला चिकटलेल्या सोडियमचा टक्का) 15 च्या वर असेल तर चोपण. चोपण जमिनीत मातीच घट्ट बसते, हवा-पाणी खेळत नाही, तिथे तो खाराचा जीन काय करणार, तिथे जिप्सम आणि चर लागतात. माती तपासून आणा आधी.

वाण म्हणाल तर जेएस 95-60 हे 82-88 दिवसांत निघतं, शेवटच्या खंडाच्या आधी सुटतं. इंदूरच्या सोयाबीन संस्थेचं एनआरसी 136 दुष्काळासाठी म्हणूनच काढलंय, बी मिळालं तर चार ओळी टाकून बघा, पण खारासाठी त्याच्या भरवशावर राहू नका.